छाट

एकोणीस वर्षं मी निपाणीत विड्या तपासल्या.
हजाराच्या सुपात हात घालायचा,
न बघताच पन्नास-साठ बाजूला टाकायच्या:
छाट.
पान फाटकं, तोंड सैल, जर्दा कमी,
कारण काहीही चालायचं.
बाईला मजुरी उरलेल्यांची.
छाट मालकाच्या पोत्यात, तीही विकायलाच,
मूठभर माझ्या खिशात.

आता दम्यानं रात्री बसून काढतो.
दवाखान्यात एक पास्टर उशाशी आला,
म्हणाला, तिथली आग कधीच विझत नाही.
कधीच म्हणजे किती, मी विचारलं.
तो हसला, लहान पोराला हसावं तसा.

शेजारचे पायगोंडा बस्तीतून परतताना टेकले.
म्हणाले, आमच्यात खड्डा आहे,
केसांच्या बारीक तुकड्यांनी ठासून भरलेला.
शंभर वर्षांनी एक तुकडा काढायचा.
असले कोट्यवधी खड्डे, तेवढा काळ नरक.
"पण रिकामा होतो बघा,"
आणि काठी टेकत अकोळच्या रस्त्याला लागले.

बाळव्वा भेटली स्टँडवर, चिक्कोडीच्या गाडीला थांबलेली.
बोटं वाकडी, अजून दोरा गुंडाळत असल्यासारखी.
मी न विचारता सगळं सांगितलं,
आग, खड्डा, खिसा.
ती म्हणाली, "माझ्या किती काढल्यास?"
मोजल्या नाहीत.
"मग मोज की.
कायमची शिक्षा म्हंजे मोजायला कुणी बसलंच न्हाई.
मी तर रोज हजार मोजून आणत होते."

बाकावर बसून मोजलं.
रोजच्या साठ, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस,
तिची अकरा वर्षं:
एक लाख चौऱ्यांशी हजार आठशे.
आकड्याला शेवट होता.
खोटं का बोलू, छातीत हवा शिरली.

"आणि सुमीच्या तापाला दोन रुपये कमी पडले,
ते कुठं धरलंस?"
आवाज चढवला नाही तिनं.
कंडक्टर कन्नडात गावं ओरडत होता.
पिशवी आधी चढवली, मग ती.

वहीत आकड्याखाली रेघ ओढली आहे.
रेघेखाली जागा सोडली आहे.
तिथं शून्य लिहवत नाही,
आणि पास्टरचा "कधीच" लिहावा
तर तोही न बघताच टाकलेला हात.
सुमी पुन्हा छाटीत.