नाव बदलले आहे

फोंड्यात, फार्मसीच्या वरच्या खोलीत
पेशंट मागच्या जिन्याने येतात.
पुढच्या जिन्यावरून
अख्खा बाजार दिसतो; बाजारालाही ते.

रविवारच्या सदरात मात्र सगळे पुढून:
‘स. न. वि. वि., झोप येत नाही.’
तीनशे शब्दांत उत्तर. जागा कमी पडली
की संपादक शेवटची ओळ कापतात,
नेमकी तीच, जिच्यात मी लिहिलेलं असतं
की मलाही नक्की माहीत नाही.

एकोणीस वर्षं.

काल कदंब बसमध्ये, बांदोड्याच्या चढावर,
शेजारची बाई हळूच म्हणाली,
‘डॉक्टर, तुमचा सल्ला काही जमला नाही हां.
पण पत्राखाली माझं नाव
हेमांगी घातलंत ना,
शिवणक्लासात मी तेच सांगितलंय.’

खरं नाव मला आठवेना.
तिनेही सांगितलं नाही.