अठ्ठ्याहत्तरावी रेघ

संध्याकाळचे सहा. नांदेडच्या कचेरीत
कुलरमधलं पाणी संपलंय, पंखा नुसता खडखडतोय,
आणि माझ्या पडद्यावर
किनवट तालुक्यातल्या चारशे अकरा विहिरी
अरबी समुद्रात उभ्या आहेत.

डहाणूच्या पश्चिमेला, खाऱ्या पाण्यात.
बोधडी, शिवणी, मांडवी,
गावांची नावं बरोबर, खोली बरोबर,
मे महिन्यातली पातळीसुद्धा बरोबर.

चूक माझी.
जिल्हा एक, म्हणून सगळ्यांना मी एकच पट्टा लावला : त्रेचाळीस.
पण हिमायतनगरच्या पुढं कुठंतरी
अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाची रेघ जाते.
तिच्या पलीकडं चव्वेचाळीस लागतो,
मोजणी पुन्हा नव्यानं सुरू होते.
एका रकान्यापायी सहा अंश वाहून गेला तालुका.

दुपारी नुसती चिठ्ठी बदलून पाहिली होती,
मीटरांच्या आकड्यांना अंश म्हणून टाकलं.
पृथ्वीला दोन लाख अंश नसतात.
गुंठ्याला एकर म्हटल्यानं
कुणाचं रान वाढलंय?

पोशट्टीला फोन केला. त्यानंच मोजलेल्या सगळ्या,
दोन उन्हाळे, गळ्यात यंत्र, हातात गाठी मारलेली दोरी.
"समुद्रात?" तो हसला. "मग पाणी तर लागलं असंल."
जरा थांबून म्हणाला,
"सायब, हीर हाय तितंच हाय.
तुमचं काय हाललं ते बगा."

सव्वासात. आधी प्रत्येकीची खरी ओळख लिहिली,
मग रूपांतराची आज्ञा सोडली.
सगळे आकडे बदलले,
दशांशचिन्हापुढं शेपटं लांबली,
आणि विहिरी
सागाच्या हिरव्या डागांमध्ये
जिथं होत्या तिथं दिसायला लागल्या.

चारशे बारावी ओळ तशीच रिकामी.
यंत्राची बॅटरी गेली होती त्या दिवशी.
शेऱ्यात पोशट्टीचं वाकडं अक्षर :
"भीमबाई आत्रामची हीर. शाळेची घंटी
ऐकू येती तितवर जावा,
बंद झाली की चार पावलं माघारी."

याला कुठला पट्टा लावू?

मंगळवारी किनवटच्या गाडीत बसणार आहे.
रेघ येईल तेव्हा कंडक्टर काही पुकारणार नाही,
तिकीटही तेच चालेल.
शेवटची घंटी साडेचारला होते म्हणे.
त्याआधी पोचलं पाहिजे.