कलम नऊ

शिरोलीच्या फौंड्रीत माझं काम वाळू तपासायचं.
मुठीएवढा दंडगोल करायचा, वरून तीन ठोके,
यंत्रात धरायचा,
कुठल्या आकड्याला फुटला ते वहीत लिहायचं.
फुटताना तो काही बोलत नाही.

एकशे एकसष्टाव्या दिवशी
टिपुगडे साहेबांनी आत बोलावलं.
"उद्यापासनं येऊ नका, ताई. ऑर्डरी कमी झाल्यात.
तसं तुम्ही प्रोबेशनवरच. कायम कुठं होता?"
चहा सांगितला होता.
तो यायच्या आत बूट, हेल्मेट, गेटपास जमा.

सांगली फाट्यापर्यंत
कायम कुठं होता, कायम कुठं होता
चपलेत खडा शिरावा तसं.

रात्री गॅसच्या पुस्तकातून नेमणूकपत्र काढलं.
शेजारची नसीम वकिलाकडं टायपिंग करते,
बोट ठेवून वाचत गेली:
परिविक्षाकाळात कोणत्याही पक्षास
सात दिवसांची लेखी सूचना देऊन,
अथवा तितक्या दिवसांचे वेतन देऊन…
"कोणत्याही पक्षास. म्हणजे तू पण पक्ष हैस बघ."
मी?
मला पक्ष ठाऊक होते निवडणुकीतले
आणि पितरांचे.

चौदा हजार तीनशे भागिले सव्वीस.
पाचशे पन्नास.
गुणिले सात, तीन हजार आठशे पन्नास.
नसीमनं कॅल्क्युलेटर पुढं केला,
मी पाढ्यानंच केलं, दोनदा.

सोमवारी साहेबांनी कलम वाचलं,
चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.
"हे कुणी मागत नाही हो सहसा."
म्हटलं, मी सोडून गेले असते
तर तुम्ही मागितलं असतं की.
पंखा फिरत राहिला.
मग व्हाउचर आलं.
"पूर्ण व अंतिम" च्या खाली सही करायच्या आधी
मी नोटा मोजल्या, त्यांच्या देखत,
सावकाश.

बाहेर पडताना लॅबची खिडकी उघडी.
आत एक नवीन पोरगं, मिसरूड फुटतंय नुकतं,
माझ्याच स्टुलावर.
ऑर्डरी कमी झाल्यात.
दंडगोल ठोकत होतं. एक. दोन.
आणि यंत्राकडं वळलं.

मला काय करायचं होतं?
बस यायची होती, पैसे पदरात होते.
तरी गजाला धरून म्हटलं,
"तीन, बाळा. दोनवर आकडा खोटा येतो.
आणि पत्र दिलंय का रे तुला?
दिलं असलं तर घरी जाऊन नववं कलम वाच."

त्यानं मागं वळून दाराकडं बघितलं.
मग तिसरा ठोका दिला.