घोटा

बापट कॅम्पातल्या शेडमध्ये फेब्रुवारी.
गणपती अजून कुणाच्या डोक्यात नाही.
काथ्या, शाडू, पालथे साचे,
आणि मधोमध बांबूच्या तिकाटण्यावर
साडेचार कोटी वर्षांपूर्वीचं एक जनावर,
कच्छच्या खडकातून तुकड्यातुकड्यांनी निघालेलं.
कच्छीसीटस.
कॉलेजच्या संग्रहालयासाठी, आगाऊ रक्कम तीन हजार.

सातप्पानं पहिलाच प्रश्न घातला, "मासा का जनावर?"
मगदूम बाई म्हणाल्या, "देवमासा."
"मग हे पाय?"
"होते."
"देवमाशाला?"
"तेव्हा."
तो बराच वेळ नुसता शाडू मळत राहिला.
"देव न्हाई, मासाबी न्हाई.
मग नाव कुणी ठेवलं ह्याचं?"

नावाची तर वेगळीच भानगड.
आधी त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून घर दिलं,
वर्षभरात कुणी शेजारच्या खात्यात चढवलं,
आठ वर्षांनी तो फेरफार रद्द,
पुन्हा वेगळा उतारा.
सातप्पाचा थोरला तलाठ्याकडं चकरा मारून आलेला,
चहाचा कप खाली ठेवत म्हणाला,
"एवढ्यात निकाल लागला?"

मी प्रयोगशाळेतला शिपाई, कृष्णात.
बाईंनी मोजपट्टी माझ्या हातात दिली होती.
मुस्कट लांब, चिंचोळं, सांडशीसारखं.
दात सापडले नाहीत, नुसती खोबणी कर.
कमरेखालचे मणके एकमेकांत मुरलेले,
म्हणजे पायांवर अजून भार पडत होता.
पाय आखूड.
शेपूट भरभक्कम, पाणमांजराची आठव.
सातप्पानं पाणमांजर पाहिलं नव्हतं.
मीही नव्हतं.

डोळ्यांपाशी तो थांबला.
त्याच्या आखणीला सांगलीपासून माणसं येतात,
म्हणतात, ह्याचा गणपती आपल्याकडंच बघतो.
मी म्हटलं, "बारीक. अगदी बारीक.
गढूळ पाण्यात डोळ्याचं काय काम?"
त्यानं सगळ्यात बारका ब्रश काढला,
दोन ठिपके दिले
आणि ब्रश बादलीत टाकला.
"मग ह्याचं सगळं हाय कशात?"

"कानात," बाई म्हणाल्या.
कानाच्या हाडाची वाटी, तिची आतली कड
जाड, घट्ट, दगडागत.
पाय असोत नसोत, शेपूट कशीही असो,
त्या एका कडेवरून कुळ ठरतं.
कोपऱ्यात सातप्पाचा बाप बसलेला,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
साचे पेरानं वाजवून पोकळ कुठला ते सांगणारा.
सकाळपासून तो तेवढंच बोलला,
"कड आनखी जाड कर."

घोटा राहिला.
ह्याचा आमच्याकडं नव्हता,
नातलगाच्या घोट्याचा साचा पोस्टानं आलेला,
लिंबाएवढा, वर कप्पी, खाली कप्पी.
मी तो खिशात टाकून घरी निघालो,
वाटेत जोतिराम खाटकाकडं अर्धा किलो घेताना
सहज ओट्यावर ठेवला.
त्यानं सुरा पुसला, घोटा उलटा केला, सुलटा केला.
"बकऱ्याचा. मागल्या पायाचा.
नोकरी करतोस कॉलेजात, एवढं कळंना तुला?"

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं.
त्या हसतील असं वाटलेलं.
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
"हे पटायला आमच्या लोकांना
शंभरच्या वर वर्षं गेली, कृष्णात."

रविवारी टेम्पो आला.
ड्रायव्हर चलन भरायला बसला, "माल काय लिहू?"
मासा लिहू का, जनावर लिहू,
सातप्पा माझ्याकडं बघतो, मी बाईंकडं.
शेवटी त्यानंच लिहिलं: मूर्ती, नग एक.

रंकाळ्याच्या वळणावर गाडी तुंबली.
मी मागं, गोणपाटात गुंडाळलेली शेपूट मांडीवर धरून.
पाण्यात म्हशी बसलेल्या,
वर फक्त नाकपुड्या, शिंगं, आणि कान.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
एकीनं तेवढा कान वळवला आमच्याकडं,
मग खाली गेली,
आणि मी मोजत बसलो, किती वेळ राहते.