ठसा

पुएर्तो तोरोच्या धक्क्यावर खेकड्यांच्या पेट्या उतरतात,
त्यांचं वजन आता वहीत चालत नाही.
एर्सिलियानं चुलीत एक ओंडका सारला, लॅपटॉप उघडला,
पत्ता भरला, पोर्ट भरला,
एक टिंब चुकलं म्हणून सगळं पुन्हा भरलं.

तिकडून उत्तर आलं ते प्रश्न घेऊनच:
हा सर्व्हर अनोळखी आहे. विश्वास ठेवायचा?
खाली त्याचा ठसा, आकडे नि अक्षरं,
कुणाच्या मुठीतून सांडल्यासारखी.

'हो' दाबून मोकळं होता आलं असतं.
सगळे तेच करतात.
तिनं वायरलेस उचलला.
पुन्ता अरेनासला बाल्दोमेरो, रात्रपाळीचा,
तोंडात घास असावा.
"वाच," ती म्हणाली, "जोडीजोडीनं. घाई नको."

चार, एफ.
चार, एफ.
नऊ, शून्य.
मधे वारा आला, सामुद्रधुनी आली,
एक जोडी बुडाली. परत वाचली.

तिच्या बापाला सही येत नव्हती.
शाईत अंगठा बुडवून तो कागदावर टेकवायचा,
आणि मुकादम त्याच्याकडे न बघताच
वही मिटायचा.

बत्तिसावी जोडी जुळली.
"जुळलं?"
"जुळलं."
तिनं बटण तसंच दाबून धरलं,
बोलली मात्र काही नाही.
पलीकडे त्याला नुसती चूल ऐकू आली असेल,
ओला ओंडका, तडतडणारा.

मग 'हो'.
मग पहिली नोंद: अकरा पेट्या, एक फुटकी.