हातचा

रात्री साडेअकरानंतर सर्व्हर जरा मोकळा असतो.
तेव्हा मी नवापुऱ्यातली आमची शाळा भरते
रकान्यारकान्याने.

खालच्या मजल्यावर गुजराती, वरती हिंदी,
जिन्याशेजारच्या दोन खोल्यांत आम्ही, मराठी माध्यम.
चौथीचा पट अकरा. मुली सहा, मुलगे पाच.
अल्पसंख्याक एक : सायमा पिंजारी.
तिचा भाऊ उत्तरायणाआधी महिनाभर मांजा घासतो
आणि फिरकी धरायला घरात दुसरं कोणी नाही.
जानेवारीतल्या गैरहजेरीचं कारण : इतर.

मातृभाषेचा रकाना आला की मी उठून पाणी पिते.
भूमिका खैरनार पाढे मराठीत म्हणते, रडते अहिराणीत.
अंकुश निषादला खरं तर वर जायचं होतं,
पहिल्या दिवशी जिना चढायचा कंटाळा आला
म्हणून तो चार वर्षं आमचा आहे.
मोगी पावराला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता गं?
म्हणाली, आमची.

यादीत 'आमची' नाही.
मराठी खरी दोघांचीच.
मी अकरा लिहिते.
दहाच्या खाली आकडा गेला की वर्ग विलीन,
असं साहेब मागे चहा पिताना बोलले होते,
सहज, बशीत ओतत.

मोगीचे आईबाप
पाडलेल्या थिएटरच्या जागी उठणाऱ्या कॉम्प्लेक्सवर.
बाप सळया बांधायचा.
व्यवसायाच्या रकान्यात त्यासाठी एक गोल आहे,
त्याच गोलात आमच्या नऊ मुलांचे बाप बसतात.

मोगीची बेरीज अशी :
सत्तावीस अधिक पंधरा, बरोबर तीनशे बारा.
रोज.
हातचा कुठाय, म्हणून एकदा ओरडले मी तिच्यावर,
तर तिनं मूठ उघडून दाखवली.
तळहातावर निळ्या शाईनं लिहिलेला एक.
जपून ठेवलेला. घामानं थोडा पसरलेला.
मी चार वर्षं सांगत आले होते, हातचा विसरू नका,
आणि वर्गात ती एकटीच विसरली नव्हती.

सहामाहीत तिला सतरा गुण.
वर्गाची बेरीज पाचशे सतरा, भागिले अकरा :
सरासरी सत्तेचाळीस. निःशेष भाग जातो.

दिवाळीत स्लॅब पुरा झाला.
दाखला न्यायला कोणी आलं नाही.
साइटच्या वॉचमननं भरूचकडे हात केला,
मग सुरतेकडे, मग नुसताच वर.

निकालाचा तक्ता मागवला तेव्हा पट दहा.
मोगी गेली, तिचे सतराही गेले.
पाचशे भागिले दहा : पन्नास.
हाही निःशेष.

एकाही मुलाचा एकही गुण वाढला नव्हता.
सायमा अजून भागाकारात वरून खाली घसरते,
जिगर बेलदार अजून सहाचा आकडा उलटा काढतो.
पण समितीच्या सभेत साहेबांनी तक्ता वर धरला,
एका सत्रात तीन टक्के, बहु सरस, म्हणाले,
मराठीवाल्या बाईंकडून शिका.
टाळ्या झाल्या.
पेढा पुढे आला.
मी खाल्ला.

आता बारा वाजून गेलेत.
सुधारणेची कारणे लिहा, असा एक चौकोन आहे,
शंभर अक्षरांचा. त्यात काठी लुकलुकते.
मी लिहिते : नियमित सराव.
पुसते.
परत लिहिते.

सकाळी हजेरीत सहानंतर आठ.
आठवा अंकुश.
तो अजूनही लगेच हजर म्हणत नाही,
एका नावाएवढा थांबतो.
मीही घाई करत नाही.