नेलपॉलिशखालची बाजू

जानेवारीत तुर्कूला साडेनऊला उजाडतं.
तोवर माझे बारा गाईंचे दात कापून झालेले असतात.
कत्तलखान्याची व्हॅन ते बर्फाच्या डब्यात आणून देते,
पुढचे, खालचे. गाईला वरचे पुढचे दात नसतातच,
हे मला इथं नोकरीला लागल्यावर कळलं, चाळिशीत,
आणि माझं सगळं बालपण गोठ्यात गेलेलं.
करवतीवर पाण्याची धार असते, तरी जळक्या शिंगाचा वास
केसांत बसतो तो शनिवारच्या सौनापर्यंत.

मग प्रत्येक तुकड्याच्या अर्ध्या अंगाला
मी नेलपॉलिश लावते. लाल.
दुकानातलं सगळ्यात स्वस्त.
डॉक्टर पेल्टोला अहवालात त्याला आम्लरोधक लेप म्हणतात.
झाकलेलं अर्धं जसं होतं तसं राहणार,
उघडं अर्धं जंतूंच्या हवाली.
त्यांना साखर मी घालते, दिवसातून चारदा,
सदतीस अंशांची ऊब, मिनिटाचा फरक नाही.
इतक्या वेळेवर मी कुणालाच जेवू घातलेलं नाही.

लोकांना वाटतं, कीड कुरतडते.
ते बिचारे फक्त खातात आणि आंबट होतात,
आणि सामू साडेपाचाच्या खाली उतरला
की इतके दिवस जे दगड म्हणून मिरवत होतं
ते मुकाट्यानं पाण्यात जायला लागतं.

पंधराव्या दिवशी हिऱ्याचं टोक टेकवायचं,
पन्नास ग्रॅम भार, पंधरा सेकंद.
धडक्या दातावर खूण उमटते सेहेचाळीस मायक्रॉन लांब,
मऊ पडलेल्यावर साठ, तेवढ्याच भाराखाली.
मग पॉलिश पुसून सुई फिरवायची
झाकल्या अंगावरून उघड्यावर.
सुई पायरी उतरते. अकरा मायक्रॉन.
लिहिलं. वही मिटली. कॉफी.

ताउनो, माझा धाकटा भाऊ, गोदीत
रात्रपाळीला जहाजांचे पत्रे जोडतो.
झोप येऊ नये म्हणून कोला,
घोट घोट, पहाटेपर्यंत.
म्हटलं, प्यायचीच तर एका दमात पी, वर पाणी पी.
आकडे दाखवले, आलेख दाखवले,
सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या.
दोनेक वर्षांपासून तो ओठ मिटून हसतो.
ते मी पाहिलं होतं. मोजलं नव्हतं.

मंगळवारी काड्यापेटी घेऊन आला.
आत कापसावर दाढ, आदल्या दिवशी काढलेली.
"तुझ्या गाईंत बसव," म्हणाला, "बघ किती गेलं."
गाल सुजलेला, 'किती' नीट उमटलंच नाही.

भिंगाखाली धरली.
चावायची बाजू बशीसारखी खोलगट,
मधे आतला पिवळा थर उघडा.
सुई कुठून सुरू करू?
इथं कुणी अर्धं झाकून ठेवलेलं नव्हतं.
किती गेलं ते सांगायला
न गेलेलं काहीतरी लागतं.

आणि मग ती दिसली, एका कडेला, चांदी.
बेटासारखी वर उभी,
भोवतीचा दात खाली निघून गेलेला.
शाळेच्या डॉक्टरनं भरली होती, ताउनो बारा वर्षांचा,
मी बाहेर बाकावर त्याची लोकरी टोपी मांडीवर घेऊन,
टोपीवरचं बर्फ वितळून माझा स्कर्ट ओला.
तेव्हा चांदी आणि दात एका पातळीत होते.
डॉक्टरनं बोट फिरवून पाहिलं असणार.

तिथून सुई सोडली.
ती काठापर्यंत गेली, खाली पडली,
यंत्रानं लाल दिवा लावला. आवाक्याबाहेर.
इतकं मोजायला ते यंत्र नाहीच.

दाढ थायमॉलच्या बाटलीत ठेवली.
चिठ्ठीवर नंबर घालायचा असतो, तो घातला,
मग खोडला.

रात्री त्याचा फोन. मागं गोदीतला ठणठणाट.
"मग? किती?"
मी म्हटलं, सुट्टी घ्यायची होतीस,
आणि सूप गार करून पी,
उजव्या बाजूनं.